कणगी कोसळली तेव्हा : आझांडे लोकांवरील एका ग्रंथाविषयी

सामाजिक व सांस्कृतिक मानवशास्त्र म्हणजे नेमके काय, असे आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने विचारले, तेव्हा व्याख्या सांगत बसण्याऐवजी आम्ही तिच्या हाती एक ग्रंथ ठेवला. आझांडे लोकांचे चेटूक, कौल व मंत्रतंत्र यांवर एडवर्ड इव्हन्स-प्रिचर्ड यांनी लिहिलेला हा ग्रंथ १९३७ साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाला. मूळ ग्रंथ पाचशेहून अधिक पानांचा. १९७६ साली निघालेली संक्षिप्त आवृत्ती मात्र सामान्य वाचकाला पेलण्यासारखी आहे. पुस्तक परत करताना ती मुलगी म्हणाली, "फादर, हे लोक तर आमच्या आळीतल्यासारखेच बोलतात." अभ्यासकांचे पुष्कळ अभिप्राय आम्ही वाचले आहेत, त्यांत हा आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

एकोणिसाव्या शतकातील मानवशास्त्र बहुधा खुर्चीत बसून लिहिले गेले. टायलर (१८७१) आणि फ्रेझर (१८९०) हे प्रकांड पंडित खरे. पण दूरदेशीच्या लोकांविषयी त्यांनी लिहिले ते प्रवासी, अंमलदार आणि मिशनरी यांच्या टिपणांवरून. पहिल्या महायुद्धाच्या काळात मॅलिनोव्स्की ट्रोब्रियंड बेटांवर तंबू ठोकून राहिले, तेथील भाषा शिकले, आणि शास्त्राची रीतच पालटली. त्यांच्याकडे शिकलेले इव्हन्स-प्रिचर्ड १९२६ ते १९३० या काळात सुमारे २० महिने आझांडे लोकांत राहिले. हा प्रदेश तेव्हा ब्रिटिश-इजिप्ती सुदानमध्ये मोडत असे. आज तो दक्षिण सुदानमध्ये आहे. काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातही या लोकांची वस्ती आहे.

ग्रंथाचा गाभा एका कणगीत आहे. आझांडे लोक धान्याची कणगी लाकडी खांबांवर उभारतात आणि उन्हाच्या वेळी तिच्या सावलीत गप्पा मारीत बसतात. खांबांना वाळवी लागते आणि एखादे दिवशी कणगी कोसळून खालची माणसे जखमी होतात. वाळवीने खांब पोखरले होते हे आझांडे माणसाला ठाऊक असते. माणसे ऊन टाळण्यासाठी तेथे बसली होती हेही तो जाणतो. पण तीच माणसे खाली असताना, त्याच घटकेला ती कणगी का पडली? या प्रश्नाला आपण 'योगायोग' म्हणतो, म्हणजे वस्तुतः उत्तर देतच नाही. आझांडे उत्तर देतो : चेटूक. हत्तीने माणूस मारला तर हत्ती हा पहिला भाला आणि चेटूक हा दुसरा, अशी त्यांची शिकारीतून आलेली उपमा आहे. कार्यकारणभावाचे अज्ञान म्हणजे अंधश्रद्धा, ही आपली सोपी समजूत येथे गळून पडते.

हे वाचताना आम्हांला लूकच्या शुभवर्तमानातील शिलोहाचा बुरूज आठवल्याखेरीज राहिला नाही. त्या बुरुजाखाली १८ जण सापडून मेले. ते इतरांहून अधिक अपराधी होते काय, असे प्रभूने लोकांना विचारले आणि तसे नाही असे स्वतःच सांगितले. आझांडे माणूस शेजाऱ्याकडे बोट दाखवतो, यरुशलेमेतला माणूस मृताच्या पापाकडे दाखवीत होता. मयताच्या घरी आम्ही जातो तेव्हा आमच्या कानांवर दोन्ही येतात : "त्यांच्या घराण्यालाच काही तरी लागले आहे", किंवा हलक्या आवाजात, "कुणाची तरी नजर". अशा वेळी आमच्यातले बरेच धर्मगुरू रागावतात. आम्हीही रागावलो आहोत. पण प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी म्हणून तो प्रश्न मिटत नाही, हे हा ग्रंथ वाचल्यावर पटते.

बेंगे या विषाच्या कौलाचे प्रकरणही असेच बारकाईने लिहिलेले आहे. कोंबडीच्या पिलाला विष पाजून प्रश्न विचारतात. पिलू मरते की जगते यावर उत्तर ठरते. मग दुसऱ्या पिलापुढे तोच प्रश्न उलटा ठेवतात आणि उत्तर जुळले तरच निवाडा पक्का मानतात. जुळले नाही तर विष खराब होते, कुणी तरी पथ्य मोडले, अशी कारणे तयार असतात. कोकणातल्या कौलाची रीत जाणणाऱ्यांना यात नवल वाटू नये. लेखकाने स्वतःच्या घरचा कारभार काही काळ याच कौलावर चालवला आणि तो बरा चालला, अशी मिस्कील कबुलीही दिली आहे. तथापि आझांडे मानतात तसे चेटके असूच शकत नाहीत, हेही त्यांनी प्रारंभीच स्पष्ट सांगितले आहे.

एका अँग्लिकन धर्मोपदेशकाचा हा मुलगा पुढे १९४४ साली बेनगाझी येथे कॅथलिक झाला. आपल्या गोटातला माणूस म्हणून या ग्रंथाची स्तुती करण्याचा मोह होतो, तो आम्ही आवरतो. ग्रंथ त्याआधीचा आहे. आणि त्यावर आमचा एक आक्षेप आहे.

चेटकाचा आरोप आला की मेलेल्या पिलाचा पंख आरोपीपुढे ठेवतात. तो त्यावर पाण्याची फुंकर घालतो, माझ्या मनात वाईट नाही म्हणतो, आणि प्रकरण निवते. या शिष्टाचाराचे लेखकाला फार कौतुक आहे. पण कुणी दगावले तर पूर्वी आरोपीचा जीवही घेतला जाई, आणि परकी अंमल आल्यावर ते बंद होऊन सूड मंत्रतंत्रावर आला, हे त्यांनीच नोंदवले आहे. म्हणजे त्यांनी पाहिलेली शांतता काही अंशी सरकारी बंदीची होती. ही गोष्ट ते सांगतात, पण तोलून पाहत नाहीत. व्यवस्थेतील सुसंगती दाखवण्याच्या भरात, जिचे नाव पिलापुढे घेतले गेले त्या व्यक्तीची रात्र कशी गेली हे पाचशे पानांत आम्हांला फारसे सापडले नाही. आमच्या राज्यात एखाद्या बाईला चेटकीण ठरवणे हा २०१३च्या कायद्याने गुन्हा झाला, तो कुणी तरी त्या बाईच्या बाजूने मोजदाद केली म्हणून.

आज आझांडे मुलखात तोंबुरा-याम्बियो हा कॅथलिक धर्मप्रांत आहे. ज्यांना हा ग्रंथ 'ते' म्हणतो, त्यांतले कित्येक आता आमच्याबरोबर एकाच वेदीभोवती उभे राहतात. त्यांच्यापैकी कुणी स्त्रीने हा ग्रंथ वाचून त्यावर लिहावे असे आम्हांला फार वाटते. कारण बेंगेचा कौल लावण्याचा अधिकार स्त्रियांना नव्हता, आणि बहुधा त्याला प्रश्न विचारण्याचाही नव्हता. त्यांची नावे मात्र त्याच्यापुढे घेतली जात.