थरारपटाची पहिली दोन मिनिटं : दाखवायचं काय, दडवायचं काय

आज आपण फक्त दोन मिनिटांबद्दल बोलणार आहोत. शाळा-कॉलेजातली मुलं थरारपट करायला घेतात तेव्हा त्याची सुरुवात कशी करतात, आणि ती बहुतेक वेळा का फसते, एवढाच आजचा विषय आहे.

यासाठी आम्ही इंग्लंडचं उदाहरण घेतलंय. कारण तिथे हे काम चक्क परीक्षेला होतं. ओसीआर नावाच्या परीक्षा मंडळाचा ए.एस. पातळीचा मीडिया स्टडीजचा अभ्यासक्रम २००८ पासून काही वर्षं चालला. मुलं सोळा-सतरा वर्षांची. त्यात १०० गुणांचं एक प्रात्यक्षिक होतं : अभ्यास आणि पूर्वतयारीला २०, प्रत्यक्ष कामाला ६०, आणि मग आपणच आपल्या कामाचं मूल्यमापन करायचं, त्याला २०. व्हिडिओ घेतलेल्यांना काम असं, की एका नव्या कथापटाची टायटल्स आणि सुरुवात तयार करायची. जास्तीत जास्त दोन मिनिटं. संगीत आणि आवाज स्वतः केलेले किंवा कॉपीराइटमुक्त. सिनेमा कुठल्या प्रकारचा असावा याचं बंधन नव्हतं, पण पुष्कळ मुलं थरारपटाकडेच वळली. ही कामं यूट्यूबवर ढिगानं सापडतात.

ती ओळीनं बघितली की एक गंमत लक्षात येते. शाळा वेगळ्या, गावं वेगळी, पण सिनेमा जणू एकच. काळा पडदा. कुणाच्या तरी श्वासाचा आवाज. मग चालणाऱ्या पायांचा क्लोजअप. रिकामा कॉरिडॉर किंवा रान. हूडी घातलेला कुणीतरी, चेहरा अंधारात. सुरी, नाहीतर भिंतीवर चिकटवलेले फोटो. एक मुलगी धावते, मागे वळून बघते, पुन्हा धावते. किंकाळी. पडदा काळा. आणि थरथरणाऱ्या अक्षरांत सिनेमाचं नाव.

आता, याला हसणं सोपं आहे. पण हसण्याआधी मुलांची अडचण समजून घेऊ. पाय का दाखवतात? कारण पायांना अभिनय करावा लागत नाही. वर्गातल्या मित्राला कॅमेऱ्यासमोर उभं केलं की तो हसतो, म्हणून चेहरा झाकायचा. संवाद का नाहीत? कारण कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये वारा आणि गाड्याच जास्त ऐकू येतात. रान का? तिथे परवानगी लागत नाही. म्हणजे यातला अर्धा साचा अडचणीतून आलेला आहे, त्यासाठी मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. पैसे नाहीत, दिवे नाहीत, यामुळे कुठलाही सिनेमा वाईट होत नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. ही दोन मिनिटं बघताना आपल्याला काळजी वाटत नाही. भीती दाखवायचा सगळा सरंजाम आहे, पण भ्यायचं कुणासाठी? धावणारी मुलगी कोण, ती कुठून कुठे चाललीय, तो मागचा माणूस किती अंतरावर आहे, यातलं काहीच आपल्याला दिलेलं नाही. मुलांची समजूत अशी, की जितकं जास्त दडवू तितकी उत्कंठा वाढेल. होतं उलटंच. काहीच ठाऊक नसलेला प्रेक्षक घाबरत नाही, तो नुसता थांबून राहतो.

हिचकॉकनं त्रुफोला दिलेल्या मुलाखतींमध्ये हे फार सोपं करून सांगितलंय. त्या मुलाखती १९६२ मध्ये झाल्या, पुस्तक १९६६ मध्ये आलं. त्याचं उदाहरण असं : दोन माणसं टेबलाशी गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, १५ सेकंद. आता तोच प्रसंग, पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं. गप्पा त्याच, अगदी फालतू. पण आता १५ मिनिटं प्रेक्षकाचा जीव टांगणीला. फरक कशाचा, तर माहिती दिली की नाही याचा.

आपल्याला हे नवीन वाटायला नको. रामायणातला सुवर्णमृग आठवा. तो हरीण नसून मारीच आहे हे ऐकणाऱ्याला कथा सुरू व्हायच्या आधीपासून ठाऊक असतं. कीर्तनकारानं ते दडवलं तर कथेत उरेल काय? सीता हट्ट धरते, राम निघतो, आणि देवळात बसलेल्या माणसाच्या मनात येतं, अगं नको, नको पाठवू त्याला. दर वर्षी येतं. शेवट माहीत असून येतं. उत्कंठा म्हणजे हेच : आपल्याला कळलेलं आहे, त्या माणसाला कळलेलं नाही, आणि आपण त्याला सांगू शकत नाही.

सिनेमातलं याचं ठळक उदाहरण म्हणजे ऑर्सन वेल्सचा १९५८ चा ‘टच ऑफ ईव्हिल’. पहिल्याच शॉटमध्ये एक हात बॉम्बचं घड्याळ लावतो. बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो. गाडीत एक जोडपं येऊन बसतं, गाडी निघते. आणि मग तीन मिनिटांहून जास्त वेळ, एकही कट न घेता, क्रेनवरचा कॅमेरा ती गाडी आणि रस्त्यानं चालणारं नवविवाहित जोडपं यांच्यामागे फिरत राहतो. मेक्सिको-अमेरिका सरहद्दीचं गाव, गर्दी, शेळ्या, चौकी. गाडी जवळ येते, लांब जाते. गाडीतली बाई म्हणते की माझ्या डोक्यात टिकटिक होतेय, आणि कुणी लक्ष देत नाही. बघा, यात आपल्यापासून काय दडवलंय? बॉम्ब कुणी आणि का ठेवला, एवढंच. बाकी सगळं आपल्या पुढ्यात आहे.

आणखी एक. स्टुडिओनं तो शॉट दाखवताना त्यावर टायटल्स चढवली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत घातलं. वेल्सला ते नको होतं. त्यानं ५८ पानांचं टिपण लिहून आपल्या सूचना कळवल्या होत्या. त्या टिपणाबरहुकूम १९९८ मध्ये वॉल्टर मर्चनं सिनेमाचं पुन्हा संकलन केलं, तेव्हा टायटल्स गेली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरचे आवाज आले, गाडीतला रेडिओ, बारमधली गाणी. मग त्या गाडीच्या रेडिओवरून कळायला लागलं की बॉम्ब आता जवळ आलाय की लांब. पार्श्वसंगीताची उधळण करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं या दोन्ही आवृत्त्या एकामागोमाग ऐकाव्यात. बघाव्यात असं नाही म्हणत, ऐकाव्यात.

मग मुलं नक्कल करतात ती कुणाची? मुख्यतः ‘सेव्हन’ची, १९९५ चा सिनेमा. काइल कूपरनं केलेली त्याची टायटल्स प्रसिद्ध आहेत : खरवडलेली अक्षरं, वह्या, सुया, बोटं. शेकडो मुलांनी ती वही आणि ती बोटं पुन्हा चित्रित केली. पण ‘सेव्हन’ टायटल्सपासून सुरू होत नाही! त्याआधी काही मिनिटं आपण सॉमरसेट या डिटेक्टिव्हला सकाळी कपडे करताना बघतो. कोटावरचा कण तो चिमटीनं उचलतो. खुनाच्या जागी गेल्यावर तो विचारतो की मुलानं हे बघितलं का. मग नवा सहकारी भेटतो, रात्री हा बिछान्यात मेट्रोनोम लावून पडतो, आणि मग टायटल्स. म्हणजे आधी एक नीटनेटका, थकलेला, हळवा माणूस हातात दिला, आणि नंतर ती विकृत वही. मुलांनी वही घेतली आणि माणूस सोडला.

इथे कुणी हरकत घेईल, की अहो, थरारपटात गुपित नको का? सगळंच सांगून टाकलं तर उरलं काय? हरकत रास्त आहे. तिला उत्तर म्हणून एका विद्यार्थ्याचंच काम बघू. रोमन पोलान्स्कीनं १९५७ मध्ये, पोलंडमध्ये लॉड्झच्या फिल्म स्कूलमध्ये शिकताना ‘मॉर्देर्स्त्वो’ म्हणजे ‘खून’ नावाचा एक मूकपट केला. कृष्णधवल, दीड-दोन मिनिटांचा. दार उघडतं, एक माणूस आत येतो, झोपलेल्या माणसाच्या छातीत चाकू खुपसतो आणि निघून जातो. बास. मारणारा कोण, मेला तो कोण, का मारलं, काही नाही.

तरी तो अंगावर येतो. का? कारण दार कुठे आहे, बिछाना कुठे आहे, माणूस झोपलेला आहे, हे स्वच्छ दिसतं. दार उघडल्याच्या क्षणापासून झोपलेल्याला नसलेली एक माहिती आपल्याकडे आहे. ‘का’ दडवलं तरी चालतं. ‘काय’ आणि ‘कुठे’ दडवून चालत नाही. हेच आपल्या जवळचं उदाहरण घेऊनही सांगता येईल. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या श्रीराम राघवनचा ‘अंधाधुन’ (२०१८), त्याची गोष्टही पुण्यातलीच. सुरुवात कोबीच्या शेतात होते : एका डोळ्यानं अधू असलेला ससा आणि त्याच्या मागे बंदूकवाला माणूस. याचा पुढच्या गोष्टीशी काय संबंध हे आपल्याला खूप उशिरा कळतं. पण कोण कुणाच्या मागे लागलंय याबद्दल पहिल्या क्षणापासून शंका नाही. आणि काळजी सशाची वाटते, लगेच.

आता त्या परीक्षेकडे परत येऊ, कारण तिथे एक फार चांगली गोष्ट होती आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालं. मुख्य कामाआधी मुलांना एक छोटा सराव करायचा होता : एक व्यक्ती दार उघडते, खोली ओलांडते, दुसऱ्या व्यक्तीसमोर खुर्चीत बसते आणि दोघं एक-दोन वाक्यं बोलतात. यात तीन गोष्टी दाखवायच्या. दाराबाहेरच्या शॉटमधली हालचाल आतल्या शॉटमध्ये तुटता कामा नये. बोलणाऱ्या दोघांना आलटून-पालटून दाखवायचं. आणि १८० अंशांचा नियम पाळायचा, म्हणजे दोघांमध्ये एक रेघ आहे असं मानून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, नाहीतर कोण कुणाकडे बघतंय याचा घोटाळा होतो.

हा सराव बहुतेकांनी उरकून टाकलेला दिसतो. आमचं म्हणणं असं, की थरारपट या सरावातच होता! दार, खोली, समोर बसलेला माणूस. पोलान्स्कीच्या सिनेमातही याहून फारसं काही नाही.

करूनच बघू. सरावाच्या आधी फक्त एक शॉट जोडा : रिकाम्या स्टाफरूममध्ये एक मुलगी घाईनं एक प्रश्नपत्रिका टेबलाच्या खणात परत ठेवते, आणि तिचं ओळखपत्र खणात पडतं. तिला ते कळत नाही, आपल्याला दिसतं. आता सराव सुरू. सरांनी बोलावलंय म्हणून ती दार उघडते, खोली ओलांडते, सरांसमोर बसते. सर विचारतात, “हजेरी कमी का?” ती म्हणते, “आजारी होते, सर.” सर म्हणतात, “बरं, ओळखपत्र दाखव.” तिचा हात गळ्याकडे जातो. सर किल्ल्यांचा जुडगा काढून हजेरीपटासाठी तोच खण उघडायला लागतात. काळा पडदा, सिनेमाचं नाव.

सुरी नाही, रान नाही, धावणं नाही. लागल्या दोन माणसं, एक खोली, आठ-दहा शॉट आणि किल्ल्यांचा आवाज. आणि इथे १८० अंशांचा नियम केवळ गुणांसाठी राहत नाही. खण सरांच्या कुठल्या हाताला आहे हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक नसेल, तर सरांचा हात तिकडे वळल्यावर त्याच्या पोटात गोळा येणारच नाही. व्याकरण पाळायचं ते यासाठी.

शेवटचा मुद्दा, आणि तो आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्या परीक्षेच्या मूल्यमापनात सात प्रश्न होते. त्यातला एक साधारण असा, की तुमच्या कामात समाजातल्या विशिष्ट गटांचं चित्र कसं उभं राहतं? आता तो हूडीवाला आठवा. त्या काळात इंग्लंडमध्ये हूडी म्हणजे गुंड, असं एक समीकरण झालं होतं. केंटमधल्या ब्लूवॉटर या मोठ्या शॉपिंग सेंटरनं २००५ मध्ये हूडीला बंदी केली, त्यावर देशभर वाद झाला. संशय कुणावर होता? सोळा-सतरा वर्षांच्या मुलांवर. आणि त्याच वयाच्या मुलांच्या हाती कॅमेरा आला, तेव्हा त्यांनी खुनी म्हणून कुणाला उभं केलं? स्वतःलाच. घरातली, रोजच्या वापरातली हूडी चढवून.

आणि ती धावणारी मुलगी? तिला नाव नाही, बोलणं नाही. दोन मिनिटांत ती मरते आणि गोष्ट पुढे खुन्याची होते. वर्गातली एक खरी मुलगी, जिला बोलता येतं, हसता येतं, जिचा स्वभाव मित्रांना ठाऊक आहे, तिला कॅमेऱ्यासमोर नुसतं पळायला लावलं. साचा उचलला की त्याच्यासोबत त्यातली माणसांबद्दलची मतंही येतात. सोळाव्या वर्षी उचललेला साचा पुढे बदलायला फार कष्ट पडतात. म्हणून ही दोन मिनिटं आम्हाला किरकोळ वाटत नाहीत.

आपल्याकडेही मोबाइलवर शॉर्टफिल्म करणारी मुलं आज गावोगाव आहेत, ऐकणाऱ्यांमध्येही असतील. साचा तिथेही तोच दिसतो, फक्त रानाच्या जागी बंद वाडा येतो. त्यांच्यासाठी तीन प्रश्न सांगतो आणि थांबतो. शूटिंगला निघण्याआधी वहीत उत्तरं लिहा. पहिला, या दोन मिनिटांत प्रेक्षकानं कुणाची काळजी करायची? दुसरा, त्या माणसाला माहीत नसलेलं असं काय आपण प्रेक्षकाला दिलं? तिसरा, धोका त्याच्यापासून किती लांब आहे, हे नकाशा काढून दाखवता येईल का? तिन्हींची उत्तरं लिहिता आली, की मग चेहरा अंधारात ठेवायचा की उजेडात, हे ज्याचं त्यानं ठरवावं.