‘होम’ कोणाचे?

इंग्रजीतला ‘होम’ हा शब्द शाळेच्या पहिल्या इयत्तांतच भेटतो, म्हणून तो सोपा आहे असा आपला समज होतो. राहते घर म्हणजे होम, जन्मगाव म्हणजे होम, मायदेश म्हणजे होम आणि म्हाताऱ्या माणसांना जिथे नेऊन ठेवतात तेही होम. फ्रेंच अनुवादकाला मात्र या शब्दापाशी थांबावे लागते. एवढे सगळे पोटात घेणारा एक शब्द त्याच्या भाषेत नाही. ही फ्रेंचची उणीव आहे असे सर्रास म्हटले जाते. तीन अमेरिकी कादंबऱ्यांची फ्रेंच शीर्षके शेजारी शेजारी ठेवली, तर मला उलटेच वाटते. इंग्रजी जो प्रश्न सहज टाळू शकते, तो फ्रेंच विचारते.

आधी फ्रेंचजवळ काय आहे ते पाहू. ‘मेझों’ म्हणजे घर. ‘आ ला मेझों’ म्हटले की ‘घरी’ हा अर्थही येतो, पण शब्द सुटा घेतला की भिंती आणि छप्पर आधी दिसतात. ‘फ्वाये’ म्हणजे मुळात चूल, शेकोटी. आपण ‘चूल वेगळी झाली’ म्हणतो तेव्हा जो कुटुंबाचा अर्थ असतो, तो या शब्दातही आहे. पण स्थलांतरित कामगारांच्या वसतिगृहालाही फ्वायेच म्हणतात. म्हणजे घर मागे टाकून आलेला माणूस जिथे दिवस काढतो, तेही फ्वाये. मायदेशासाठी ‘पात्री’ हा निराळा शब्द आहे. आणि शेवटी ‘शे’. झोपडी या अर्थाच्या ‘कासा’ या लॅटिन शब्दापासून झिजत झिजत तयार झालेले हे अव्यय. ‘शे म्वा’ म्हणजे माझ्याकडे, ‘शे नू’ म्हणजे आमच्याकडे. हे अव्यय एकटे उभे राहत नाही; त्याला पुढे माणूस लागतो. त्यापासून झालेल्या ‘शे-स्वा’ या नामातही ‘स्वतः’ आहेच. होमच्या भावनेजवळ सर्वांत अधिक जाणारा हा प्रयोग कोणाचे, हे सांगितल्याशिवाय पुरा होत नाही.

मॅरिलिन रॉबिन्सन यांच्या ‘होम’ (2008) या कादंबरीचे फ्रेंच शीर्षक ‘शे नू’ असे आहे. काळ 1956 चा, स्थळ आयोवातले गिलियड हे छोटे गाव. म्हाताऱ्या, खंगलेल्या धर्मोपदेशक वडिलांची सेवा करायला ग्लोरी परतते आणि मागोमाग वीस वर्षे बेपत्ता असलेला भाऊ जॅकही येतो. मराठीत ‘आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो’ या वाक्यातले ‘आमच्याकडे’ घराला लागू पडते, गावाला आणि मुलखालाही. ‘शे नू’चेही अगदी तसेच आहे. मग या ‘आम्ही’त कोण बसते? जॅकची सहचारिणी डेला कृष्णवर्णीय आहे, त्यांना एक मुलगा आहे आणि जॅक ही गोष्ट वडिलांपाशी बोलू शकत नाही. शेवटी डेला मुलाला घेऊन दारात येते तेव्हा जॅक निघून गेलेला असतो, आणि अंधार पडण्याआधी त्या गावाबाहेर पडणे तिला भाग असते. मुखपृष्ठावरचे ‘आमच्याकडे’ या प्रसंगानंतर पुन्हा वाचावे. मूळ शीर्षकात हा काटा इतका वर दिसत नाही. इथे अनुवादाने अर्थ निवडला आणि निवडताना कादंबरीच्या दुखऱ्या जागेवर नेमके बोट ठेवले.

टोनी मॉरिसन यांच्याही कादंबरीचे नाव ‘होम’ (2012) असेच आहे. तिचे फ्रेंच शीर्षक ‘होम’च राहिले. कोरियाच्या युद्धावरून परतलेला फ्रँक मनी बहिणीला वाचवण्यासाठी जॉर्जियातल्या लोटस या गावी निघतो. हे गाव त्याला कधीही आपले वाटलेले नाही. त्याच्या लहानपणी टेक्ससमधून हाकलले गेलेले कुटुंब तिथे येऊन पडले होते. घरावर मालकी कोणाची, ही शंका पुस्तकाच्या आरंभापासूनच आहे. अशा पुस्तकाला ‘शे नू’ म्हणणे म्हणजे शंकेचे उत्तर आधीच देऊन टाकणे. म्हणून शब्द तसाच ठेवण्यामागचे कारण मला पटते. पण तसाच ठेवलेला शब्द तसाच राहत नाही. फ्रेंचमध्ये ‘होम’ हा जुना उसना शब्द आहे. त्याला इंग्रजी गृहसौख्याचा, उबदार दिवाणखान्याचा वास आहे. आणि बेल्जियममधल्या फ्रेंचमध्ये तो वृद्धाश्रमाला वापरतात. शिवाय मूळ कादंबरी संपताना बहीण भावाला घरी चलण्याविषयी जे म्हणते, त्यात शीर्षकातलाच शब्द आहे. स्वाभाविक फ्रेंच बोलणारी बहीण तिथे ‘होम’ म्हणणार नाही. पहिल्या आणि शेवटच्या पानाला बांधणारा धागा इथे तुटतो.

तिसरे उदाहरण या अडचणीचे नसून ती चुकवण्याचे आहे. या ग्यासी यांच्या ‘होमगोइंग’ (2016) या कादंबरीचे फ्रेंच शीर्षक ‘नो होम’ असे आहे. फ्रेंच पुस्तकाला इंग्रजीच शीर्षक, पण मूळचे नव्हे. ‘होमगोइंग’ हा आफ्रिकी-अमेरिकी समाजात अंत्यविधीसाठी वापरला जाणारा शब्द आहे. मरण म्हणजे स्वगृही परतणे, हा त्यामागचा विश्वास. कादंबरी घानाच्या किनाऱ्यावरच्या दोन सावत्र बहिणींपासून सुरू होते आणि पिढ्यान्‌पिढ्या ओलांडून त्यांच्या वंशजांना त्याच किनाऱ्यावर आणून सोडते. परतण्याच्या गोष्टीला ‘घर नाही’ असे नाव देणे हा अनुवाद म्हणता येत नाही. शीर्षकाचा शब्द बहुधा प्रकाशक ठरवतात, म्हणून हा दोष मी अनुवादकाच्या माथी मारत नाही; पण दोष आहेच.

मराठीचे काय? आपल्याला वाटते, आपल्याजवळ ‘घर’ आहे, प्रश्न मिटला. ‘घरात’ आणि ‘घरी’ यांतला फरक तर आपण न शिकवता पाळतो. तरी रॉबिन्सन यांची ग्लोरी मराठीत आणायची म्हटली की हात थबकतो. वडिलांच्या घरी परतलेल्या मुलीसाठी जिभेवर पहिला शब्द येतो ‘माहेर’. पण ग्लोरीचे लग्न झालेले नाही. वाङ्‌निश्चय झाला तो माणूस आधीच विवाहित निघाला. सासर नसलेल्या बाईला माहेर कसे असेल? शेवटी वडिलांचे घर तिच्याकडे राहणार असते. ते ती सांभाळणार, ते जॅकचा मुलगा कधीतरी इथे येईल या आशेवर. तिच्या त्या घराला माहेर म्हणता येत नाही आणि नुसते ‘घर’ म्हटले तर तिने काय पत्करले ते कळत नाही.

अनुवादात काय हरवले याची यादी करणारी समीक्षा आपल्याकडे पुष्कळ होते. अनुवादाच्या भाषेने मूळ शब्दाला काय विचारले, तेही पाहायला हवे. फ्रेंचने ‘होम’ला विचारले, कोणाचे? हा प्रश्न घेऊन मी रॉबिन्सन यांची कादंबरी पुन्हा उघडली, तेव्हा दारात उभी असलेली डेला मला आधीपेक्षा अधिक वेळ दिसत राहिली.