केंद्रीय की विकेंद्रित? एका निबंधाचे परीक्षण

प्रोग्रॅमच्या मूळ संहितेचा इतिहास एकाच ठिकाणी सांभाळावा, की प्रत्येक प्रोग्रॅमरच्या हाती त्याची संपूर्ण प्रत असावी, हा सॉफ्टवेअर-निर्मितीतील एक मूलभूत प्रश्न आहे. केंद्रीय पक्षाचे समर्थन करणारा रेचेल पॉटव्हिन व जॉश लेव्हनबर्ग यांचा निबंध ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ च्या जुलै २०१६ च्या अंकात आला. त्याचे परीक्षण येथे योजिले आहे.

निबंधाचा पाया भक्कम आहे. गूगलमधील सुमारे २५,००० प्रोग्रॅमर एकाच संग्रहात काम करीत. जानेवारी २०१५ मध्ये त्यात सुमारे एक अब्ज फायली होत्या. सामायिक भागात बदल करणाऱ्यास त्यावर विसंबणाऱ्या सर्व संहितेतही एकाच नोंदीने दुरुस्ती करता येते. कोणती आवृत्ती अधिकृत, हा संशय उरत नाही. यासाठी साधनांवर किती खर्च करावा लागतो, हेही लेखक लपवीत नाहीत.

तथापि ‘केंद्रीय’ या शब्दाचे दोन अर्थ येथे मिसळले आहेत. गूगलचा ‘पायपर’ हा संग्रह प्रत्यक्षात दहा डेटा-केंद्रांवर विखुरलेला असून ‘पॅक्सॉस’ या पद्धतीने त्याच्या प्रतींत एकवाक्यता राखली जाते. म्हणजे साठा विकेंद्रित, निर्णय मात्र केंद्रीय. उलट लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्ससाठी रचलेल्या ‘गिट’मध्ये प्रत्येक प्रतीत सर्व इतिहास असतो. नोंदीची ओळख तिच्या आशयावरून व पूर्वनोंदींच्या ओळखींवरून ठरत असल्याने जुना इतिहास गुपचूप बदलता येत नाही. तरीही टॉरव्हाल्ड्स ज्या बदलांना स्वीकारतात, त्यांनाच जग अधिकृत मानते. येथेही केंद्र आहेच. पण ते यंत्राने लादलेले नसून लोकांच्या संमतीने उभे आहे.

गिटवर लेखकांचा मुख्य आक्षेप असा, की संपूर्ण प्रत घ्यावी लागत असल्याने गूगलला आपल्या संग्रहाचे हजारो तुकडे करावे लागले असते. हा आक्षेप आकारमानाचा आहे, तत्त्वाचा नव्हे. पुढे गिटमध्येच अंशतः प्रत घेण्याची सोय झाली, यावरून हे स्पष्ट होते.

एकसंध संग्रह सर्वांना मानवणारा नाही, हे लेखकांना मान्य आहे. मोकळ्या व सहकारी वृत्तीच्या संस्थांना तो योग्य, असे ते म्हणतात. हा निकष अपुरा आहे. लिनक्सच्या कार्यकर्त्यांतही मोकळेपणा व सहकार्य आहे. परंतु त्या सर्वांना वेतन देणारी, साधने पुरविणारी व नियमांनी बांधणारी एक संस्था नाही. निवड वृत्तीवरून नव्हे, तर अशा सामायिक अधिकाराच्या असण्यानसण्यावरून ठरते.

म्हणून अभ्यासकाने दोन प्रश्न वेगळे ठेवावेत : प्रती कोठे असाव्यात, आणि कोणती प्रत प्रमाण हे कोणी ठरवावे? निबंध पहिल्याचे उत्तर समर्थपणे देतो; दुसऱ्याचे उत्तर मात्र तो गृहीत धरतो.