दीडशे वॉट आणि एक साधा आय-थ्री

मार्च २०१२ मध्ये इंटेलने झिऑन ई५-२६८७डब्ल्यू हा प्रोसेसर बाजारात आणला. शेवटी लागलेलं डब्ल्यू हे अक्षर वर्कस्टेशनचं. त्याची भावंडं सर्व्हरच्या थंडगार खोल्यांत माणसांपासून दूर राहायची. हा मात्र इंजिनिअरच्या किंवा ॲनिमेटरच्या टेबलाखाली बसणार होता. आठ कोअर, सोळा थ्रेड, ३.१ गिगाहर्ट्झचा मूळ वेग, टर्बोत ३.८, वीस एमबी एल-थ्री कॅश मेमरी, आणि १५० वॉट. किंमत १,८८५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने नुसत्या चिपचे नव्वद हजारांच्या वर रुपये. दहा वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, त्याच कंपनीचा कोअर आय-थ्री १२१०० आला. चार कोअर, आठ थ्रेड, ३.३ आणि ४.३ गिगाहर्ट्झ, बारा एमबी कॅश, मूळ ६० वॉट आणि टर्बोत जास्तीत जास्त ८९. किंमत १२२ डॉलर.

दोघांच्या तपशिलाचे कागद शेजारी ठेवले, तर वेगाचा रकाना सोडून जवळजवळ प्रत्येक ओळीत झिऑन वरचढ दिसतो. संगणकापुढे बसल्यावर चित्र पालटतं. एकाच थ्रेडवर चालणाऱ्या कामात आय-थ्री जवळपास दुप्पट वेगवान ठरतो. सगळे कोअर जुंपले तरी त्याचे चार त्या आठांच्या बरोबरीला येतात, पुष्कळदा पुढेही जातात. मग कागद खोटं बोलतो का? नाही. त्याला चिपची रुंदी सांगता येते; खोली सांगायला त्याच्यात रकानाच नाही.

घड्याळाचं गणित आधी उरकून घेऊ. ३.८ वरून ४.३ म्हणजे जेमतेम तेरा टक्के वाढ. वेग दुप्पट व्हायला उरलेलं सगळं एकेका ठोक्यात होणाऱ्या कामातून आलं असलं पाहिजे, आणि खरी कारागिरी तिथेच आहे.

आजचा प्रोसेसर प्रोग्राममधल्या आज्ञा लिहिल्या क्रमाने करत नाही. एखाद्या आज्ञेला लागणारी माहिती रॅममधून यायची असेल, तर तो तिला बाजूला ठेवून पुढच्या करता येण्याजोग्या आज्ञा उरकून घेतो. लग्नाच्या मुदपाकखान्यातला आचारी तांदूळ धुऊन येईपर्यंत हात बांधून उभा राहत नाही; फोडणी देतो, नारळ खवायला बसवतो. पंगतीत वाढप मात्र ठरल्या क्रमानेच होतं, मीठ आधी आणि ताक शेवटी. प्रोसेसरही कामं वाटेल त्या क्रमाने करतो, पण निकाल जाहीर करताना मूळ क्रम मोडत नाही. एका वेळी किती आज्ञांचा असा पसारा त्याला सांभाळता येतो, यावर बरंच काही ठरतं. झिऑनचा सँडी ब्रिज कोअर १६८ आज्ञा सांभाळायचा. आय-थ्रीतला गोल्डन कोव्ह कोअर ५१२ सांभाळतो. खरेदीदार वाचतो त्या कागदावर हे दोन्ही आकडे छापत नाहीत.

आणखी आत गेलं की हीच गोष्ट जागोजागी भेटते. जुना कोअर एका ठोक्यात चार आज्ञा उलगडायचा, नवा सहा उलगडतो. जुना एका ठोक्यात दोनदा वाचू शकायचा, नवा तीनदा. प्रत्येक कोअरची स्वतःची एल-टू कॅश २५६ केबीवरून सव्वा एमबीवर गेली. आधीच उलगडलेल्या आज्ञांचे तुकडे हाताशी ठेवणारी छोटी कॅश १,५३६ तुकड्यांची होती, ती सुमारे चार हजारांची झाली. ही शेवटची गोष्ट मला फार आवडते, कारण कोअर घराण्यात ही युक्ती पहिल्यांदा आणली ती सँडी ब्रिजनेच. दोन्ही कोअरची रचना इस्राएलमधल्या हैफाच्या इंटेल केंद्रात झाली. म्हणजे आय-थ्रीने झिऑनला हरवलं ते बऱ्याच अंशी त्याच्याच घरची विद्या पुढे नेऊन.

या विद्येला एक काळी बाजूही आहे. पुढची कामं आधीच करून ठेवणं म्हणजे अंदाजाने करणं. अंदाज चुकला की काम रद्द होतं, पण कॅशमध्ये त्याचा माग राहतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांनी जगासमोर आलं ते हेच, की त्या मागावरून गुप्त माहिती वाचता येते. सँडी ब्रिजमधली मेल्टडाउनची फट ऑपरेटिंग सिस्टीमने बुजवली, त्यासाठी प्रोसेसरला थोडं मंदही केलं. गोल्डन कोव्हमध्ये ती मूळ रचनेतच नाही. स्पेक्टरच्या जातीचे हल्ले मात्र दोघांच्याही पाचवीला पुजलेले.

इतकं वाचून झिऑन मोडीत काढावासा वाटेल. पण रुंदीचं माप अजून घ्यायचं आहे.

त्याला मेमरीचे चार चॅनेल आहेत आणि प्रत्येकावर डीडीआर-थ्री १६०० या वेगाची रॅम चालते. गुणाकार केला की सेकंदाला ५१.२ जीबी येतात. आय-थ्रीला दोनच चॅनेल. डीडीआर-फोर ३२०० लावली तर उत्तर पुन्हा ५१.२ जीबी. दशांशापर्यंत तेच! डीडीआर-फाइव्ह लावली तर नवा पुढे जातो, ते वेगळं. पण २०१२ मध्ये तिथे पोहोचायला चार वाटा आखाव्या लागल्या, त्यासाठी २,०११ संपर्कबिंदूंचं भलंमोठं सॉकेट लागलं, मदरबोर्डवर रॅमच्या खाचांची रांग लागली. ती दांडगाई आज डोळ्यांत भरते, आणि तिचा एक फायदा आकड्यांच्या बरोबरीत बुडून जातो: जास्त खाचा म्हणजे जास्त रॅम.

पीसीआय एक्स्प्रेसच्या लेनचंही असंच. झिऑनकडे तिसऱ्या पिढीच्या चाळीस. आय-थ्रीकडे पाचव्या पिढीच्या सोळा आणि चौथ्या पिढीच्या चार. एकूण वहनक्षमतेत नवा जिंकतो. पण ग्राफिक्स कार्ड, दुसरं ग्राफिक्स कार्ड, डिस्क कंट्रोलर आणि जलद नेटवर्कचं कार्ड एकाच पेटीत बसवायचं असेल, तर वेगापेक्षा स्वतंत्र लेनची संख्या कामाला येते. नव्याच्या सोळा लेन सहसा एकाच मोठ्या खाचेकडे जातात. त्या खाचेत पाचव्या पिढीचं कार्ड लावणारा आय-थ्रीचा गिऱ्हाईक मला अजून भेटायचा आहे.

शिवाय झिऑनला ईसीसी मेमरी लावता येते. ही मेमरी एखादा बिट आपोआप उलटला तर तो दुरुस्त करते आणि दोन उलटले तर निदान ओरडून सांगते. तीन दिवस चालणाऱ्या हिशेबात ही चैन नसते. आय-थ्रीच्या सर्वसाधारण घरगुती मदरबोर्डवर ती सोय मिळत नाही.

दोघांच्या सिलिकॉनमधला एक फरक मला सगळ्यात बोलका वाटतो. झिऑनची चिप सुमारे ४३५ चौरस मिलिमीटरची, तिच्यावर २२७ कोटी ट्रान्झिस्टर आणि कोअर आठच्या आठ चालू. हौशी लोकांसाठी आलेल्या कोअर आय-सेव्हन ३९६०एक्सला हीच चिप मिळाली, पण दोन कोअर बंद करून. आय-थ्री १२१०० सुमारे १६३ चौरस मिलिमीटरच्या सहा कोअरच्या चिपमधून येतो, आणि इथेही दोन बंद. वर त्याच्या एव्हीएक्स-५१२ आज्ञाही इंटेलने मिटवल्या: यंत्रणा कोअरमध्ये आहे, सुरुवातीला काही मदरबोर्डवर ती चालूही करता यायची, मग ती वाटही बुजवली. कारण असं, की त्याच पिढीतल्या मोठ्या प्रोसेसरमधल्या छोट्या कोअरना या आज्ञा समजत नव्हत्या. आय-थ्रीत छोटे कोअर नाहीतच, तरी शिक्षा त्यालाही. मला हा निर्णय पटलेला नाही. झिऑनमध्ये जे होतं ते सगळं गिऱ्हाइकाला मिळालं. अर्थात पंधरापट दाम मोजून.

आज जुन्या बाजारात असे झिऑन मूळ किमतीच्या मानाने अगदी किरकोळ भावात मिळतात, आणि त्यांच्यासाठी नव्याने घडवलेले चिनी मदरबोर्डही निघाले. 'सोळा थ्रेड स्वस्तात' या मोहाने घेणाऱ्याला मी थांबवीन. या प्रोसेसरला एव्हीएक्स-टू आज्ञा येत नाहीत, कारण त्या इंटेलच्या २०१३ च्या हॅस्वेल पिढीपासून आल्या. त्या गृहीत धरून लिहिलेला प्रोग्राम इथे हळू चालणार नाही, उघडणारच नाही. विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही तो नाही. ब्राउझर, हिशेबाच्या शीट, फोटो, थोडंफार व्हिडिओ एडिटिंग एवढंच काम असेल, तर आय-थ्रीच घ्यावा. विजेच्या बिलासकट सगळीकडे तो शहाणा ठरतो.

अपवाद एकच, पण तो ठळक आहे. आय-थ्रीला जास्तीत जास्त १२८ जीबी रॅम लावता येते. एचपीच्या झेड ८२० या वर्कस्टेशनमध्ये असे दोन झिऑन शेजारी बसायचे आणि रॅम ५१२ जीबीपर्यंत जायची. दोनशे जीबीचं सिम्युलेशन मेमरीत धरायचं असेल, तर आय-थ्रीच्या ५१२ आज्ञांच्या पसाऱ्याचा काही उपयोग नाही. झेड ८२० ते सावकाश, पंख्यांचा घरघराट करत, पण पुरं करेल.