जर-तरचा इतिहास आणि त्याचे तोतये

इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नाही, असे वाक्य आपल्याकडे वारंवार उच्चारले जाते, आणि ते उच्चारणारा गृहस्थ पुढच्याच श्वासात ‘पण पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर’ असे म्हणून जातो. या विसंगतीला हसण्याचे कारण नाही. झालेल्या गोष्टीचे मोल न झालेल्या गोष्टीशी ताडून पाहणे हा मनुष्यस्वभावच आहे. तेव्हा जर-तरला वाङ्मयात जागा द्यावी की नाही, हा खरा प्रश्न नव्हे. कोणत्या जर-तरला द्यावी, हा आहे. पोर्तुगीजांच्या बाबतीत तो विशेष अगत्याचा ठरतो. कारण त्यांच्यासंबंधीचे आपले तर्क फार सोपे असतात. १६८३ मध्ये संभाजीराजांनी गोवा घेतला असता तर? १७३९ मध्ये चिमाजीअप्पा वसईवरून तसेच गोव्यावर गेले असते तर? येवढे विचारून आपण समाधानाने थांबतो, आणि उत्तराचा भार कल्पनेवर कधी टाकीत नाही.

हे समाधान कोणत्या जातीचे आहे, ते पोर्तुगीजांच्याच उदाहरणावरून उमगते. त्यांचा तरुण राजा सेबास्तियांव १५७८ मध्ये मोरोक्कोतील लढाईत नाहीसा झाला. दोनच वर्षांनी त्यांचे राज्य स्पेनच्या राजाकडे गेले व १६४० पर्यंत तिकडेच राहिले. राजा मेला हे प्रजेने मनाने मान्य केले नाही. तो परत येईल आणि गेलेले वैभव आणील, ही श्रद्धा पिढ्यान् पिढ्या टिकली, आणि ‘मीच तो’ म्हणून उभे राहणारे तोतये एकामागून एक निघाले. मराठी वाचकाला येथे सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवल्यावाचून राहणार नाही. १७७६ मध्ये त्याचा निकाल लागला. पुढे नरसिंह चिंतामण केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ या नाटकात त्याला रंगभूमीवर आणले. दोन दूरच्या राष्ट्रांनी एका प्रकारच्या पराभवाला एकाच प्रकारचे उत्तर द्यावे, हा योगायोग नव्हे. लोकांना हरवलेला पुरुष हवा होता, आणि तो ज्या कारणांनी हरवला त्या कारणांची चौकशी नको होती. आपले पुष्कळसे जर-तर याच अर्थाने तोतये आहेत. त्यांचा चेहरा विजयाचा असतो. ओळख पटवू गेल्यास पुरावा निघत नाही.

याला मराठीत एक सन्माननीय अपवाद आहे. तो म्हणजे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. विश्वासरावांना लागणारी गोळी चाटून जाते आणि त्यातून दुसरा हिंदुस्थान उभा राहतो, ही तिची कल्पना सर्वपरिचित आहे. परंतु तिचे श्रेष्ठत्व गोळीत नाही. मराठे विजयानंतर काय करतात, हे लेखक सांगतो, हे तिचे श्रेष्ठत्व. पेशवे युरोपातील नव्या विद्येचे महत्त्व ओळखतात व स्वतःच्या शास्त्रसंस्था काढतात. इंग्रजाला त्या कथेत मुंबईवर समाधान मानावे लागते, ते केवळ तलवारीमुळे नव्हे. तथापि एक शंका नम्रपणे नोंदविली पाहिजे. गोळी चुकणे हा दैवयोग आहे; प्रयोगशाळा काढणे हा निर्णय आहे. पहिल्यातून दुसरे कसे निघाले? जिंकलेल्या मनुष्याला विद्येची गरज हरलेल्यापेक्षा कमीच भासते, असा अनुभव आहे. कथा हा सांधा मोकळा सोडते. पोर्तुगीजांविषयी असे काही लिहू पाहणाऱ्याने नेमका हाच सांधा भरून काढावा लागेल, आणि त्याला हवी ती सामग्री इतिहासाने मुबलक ठेवली आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरातून काढून १९६७ च्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या ग्रंथात ती मराठी वाचकापुढे मांडली, त्यालाही आता अर्धशतक उलटून गेले.

प्रथम १६८३ घ्या. फोंड्यावर चालून आलेल्या विजरईला, आल्व्होरच्या काउंटला, संभाजीराजांनी पिटाळले. नोव्हेंबरात जुवे बेट घेतले. राजधानी नदीपलीकडे दिसत होती. विजरईने आपला अधिकारदंड सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन संताच्या हवाली केला, इतकी त्याची आशा सुटली होती. तेवढ्यात औरंगजेबाचा पुत्र शहा आलम रामघाटातून खाली उतरू लागला व राजांना माघारी फिरावे लागले. येथपर्यंतची कथा प्रत्येकजण सांगतो. पुढची क्वचितच सांगितली जाते. याच विजरईने २७ जून १६८४ रोजी हुकूम काढला, की गोव्याच्या लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. म्हणजे जुव्याच्या पैलतीरी केवळ एक शहर नव्हते. एका भाषेचे भवितव्य होते. येथे जर-तर प्रथमच अर्थपूर्ण होतो.

पण येथेही तोतयापासून सावध राहिले पाहिजे. ज्या गोव्यात फादर स्टीफन्सचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले, त्या गोव्यातील मुद्रण १६७४ च्या सुमारासच थंडावले होते. ते पुन्हा सुरू झाले १८२१ मध्ये. संभाजीराजे नदी ओलांडते, तर हुकूम निघाला नसता हे खरे. परंतु ते बंद पडलेले यंत्र कोणी उघडले असते काय? कल्पित इतिहासाच्या लेखकाने आपली सारी प्रतिभा या एका प्रश्नावर खर्च करावी. त्याचा नायक घोड्यावरचा सरदार नसून, जप्तीच्या यादीत ‘शिशाचे खिळे, पेट्या इतक्या’ असे लिहिताना थबकणारा आणि ‘हे काय कामाचे?’ असे विचारणारा एखादा कारकून असेल.

हा प्रश्न निव्वळ कल्पनेचा नाही, हे वसईने दाखविले आहे. मे १७३९ मध्ये ती खरोखरच आपल्या हाती आली. म्हणजे जर-तरची एक परीक्षा इतिहासानेच घेऊन ठेवली. तेथील घंटा देवळांत लागल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्या विजयाची खूण मानली जाते. सुभ्याचे आरमारही उभे राहिले, नाही असे नाही. परंतु १७५६ मध्ये पेशव्यांनीच इंग्रजांच्या साह्याने विजयदुर्गावर आंग्र्यांचे आरमार बुडविले. १७७४ मध्ये ठाणे गेले, १७८० मध्ये वसई. अवघी एक्केचाळीस वर्षे. आणि पोर्तुगीज? उत्तरेत हरलेले ते लोक १७६३ ते १७८८ या काळात फोंड्यापासून पेडण्यापर्यंतचे नवे मुलूख मिळवून गोव्यात वाढले व १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राहिले. विजय एका दिवसात मिळतो. तो सांभाळण्याचे निर्णय रोज घ्यावे लागतात, हा याचा अर्थ.

अशा निर्णयाचे सर्वांत बोलके उदाहरण पोर्तुगीजांच्याच दप्तरात आहे. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्रजांना आंदण दिली गेली. विजरई मेलु इ काश्त्रु याने ताबा देण्याचे लांबणीवर टाकले, आणि इंग्रज मुंबईत बसले त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला असे समजावे, अशा आशयाचे पत्र राजाला धाडले. मग फेब्रुवारी १६६५ मध्ये आज्ञेप्रमाणे बेट देऊन टाकले. त्याला सारे दिसत होते, त्याने ते लिहून ठेवले होते, आणि तरीही ते घडले. या जर-तरमध्ये ना गोळी आहे, ना घाटातून अकस्मात उतरणारी फौज. आहे तो एक अधिकारी, त्याचा अभिप्राय आणि त्याची सही. त्याने सही नाकारली असती तर? राजाज्ञा मोडण्याची किंमत त्याने कशी भरली असती, त्याच्या जागी आलेल्याने काय केले असते? खरा कल्पित इतिहास येथून सुरू व्हावा. कारण येथे पर्याय लेखकाने निर्माण केलेला नसून, त्या काळच्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभा होता.

बीरगांवसारख्या रायपूरलगतच्या कारखान्यांच्या वस्तीत बसून समुद्राचा विचार करणे काहींना विचित्र वाटेल. परंतु वसई पडल्यावर दोनच वर्षांनी, १७४१ मध्ये, नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांबरोबर बंगालच्या वाटेवर रतनपूरला पोहोचली. पुढे बिंबाजी भोसल्यांनी तेथे तीस वर्षांच्या आसपास कारभार केला, आणि छत्तीसगडात मराठी कारकुनाची लेखणी चालू लागली. मराठी सत्तेचे बळ किनाऱ्यापेक्षा आतल्या मुलखात अधिक वळले, त्या वळणाच्या खुणांतच येथील मराठी मनुष्य वावरतो. त्याला जर-तरचे महत्त्व पुण्यातल्या वाचकाहून कमी नाही. शिवाय त्याच्यासारखा नोकरदार वाचक हे चांगलेच जाणतो, की पुष्कळ गोष्टी रणांगणावर नव्हे, टिपणीच्या कागदावर ठरतात.

म्हणून आपल्या लेखकांकडे मागणे आहे, ते आणखी एका विजयाचे नाही. गोवा जिंकून देणारी कादंबरी कोणीही लिहील. जिंकलेल्या गोव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडून दाखवील, अशी कादंबरी अद्याप मराठीत लिहिली जावयाची आहे.