बाई, बुवा आणि पंडितजी

गंगूबाई हनगल यांचं एक निरीक्षण संगीतावरच्या गप्पांत हमखास निघतं. गाणारा पुरुष मुसलमान असला तर तो उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो. केसरबाई, मोगूबाई मात्र बाईच राहतात, असा त्याचा आशय. लोक हसतात, बाईंच्या मिस्कीलपणाचं कौतुक करतात आणि विषय पुढं सरकतो. मला मात्र ते नुसतं मिस्कील वाटत नाही. कुणाच्या गाण्याला विद्या म्हणायचं आणि कुणाच्या गाण्याला देणगी, याचा आपल्या मैफलीच्या जगानं जो निवाडा केला आहे, त्यावर बाईंनी नेमकं बोट ठेवलं होतं.

यावर मराठी माणूस लगेच सांगेल की 'बाई' हा आपल्याकडे आदराचाच शब्द आहे. शाळेतल्या बाई असतात, गाण्यातल्या बाई असतात. खरं आहे. एके काळी 'बाई' आणि 'बुवा' ही जोडीच होती. भास्करबुवा बखले, रामकृष्णबुवा वझे ही नावं तशीच घरगुती आदराची. फरक पडला तो पुढं. संगीत संस्थानांच्या दरबारातून आणि माडीवरून सभागृहात आलं, महाविद्यालयांत आणि आकाशवाणीवर गेलं, तेव्हा बुवांचे पंडित झाले. आता पुरुष गायकाला दोन नावं मिळाली. भीमसेन जोशी आपल्या माणसांत अण्णा आणि व्यासपीठावर पंडितजी. बाईंना दुसरं नाव मिळालंच नाही. त्या घरात माई किंवा ताई, आणि सभागृहात बाई किंवा पुन्हा ताईच. 'विदुषी' आता पत्रिकांवर छापतात, पण बोलताना ते कुणाच्या तोंडी सहज येत नाही.

ज्या पदव्या मिळाल्या त्याही पाहा. केसरबाई केरकर सूरश्री, मोगूबाई कुर्डीकर गानतपस्विनी, किशोरी आमोणकर गानसरस्वती. कौतुकाबद्दल शंका नाही. पण पंडित म्हणजे ज्यानं शास्त्र जाणलं तो, उस्ताद म्हणजे जो शिकवतो तो. बाईंच्या वाट्याला आली ती लक्ष्मी-सरस्वतीची रूपं, फार तर तपश्चर्या. मोगूबाईंनी किशोरीताईंना घडवलं, बबनराव हळदणकरांसारख्या पुरुष गायकालाही तालीम दिली. अन्नपूर्णादेवींनी जाहीर मैफली सोडल्या आणि मुंबईतल्या आपल्या घरात बसून निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारख्या वादकांना शिकवलं. उस्ताद या शब्दाचा मूळ अर्थ इथं तंतोतंत लागू पडतो. तरीही तो शब्द त्यांच्या नावामागं लावायचं कुणाच्या मनात आलं नाही.

या गोष्टीची मुळं मैफलीच्या अर्थकारणात आहेत. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला कलावंतिणींच्या मैफलीत मुख्य कलाकार बाई असे. तबलजी आणि सारंगिये तिचे साजिंदे. ती उभी राहून गाई-नाचे तेव्हा तबलाही कमरेला बांधून उभ्यानंच वाजवला जाई. बिदागी तिच्या नावावर येई, साजिंद्यांना त्यातला वाटा मिळे. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांवर नाव गायिकेचं असे, साथीदारांचं बहुधा नसे. पण व्यवहार एवढा सरळ नव्हता. हेच सारंगिये आणि तबलजी कित्येकदा तिचे शिक्षकही असत. म्हणजे पैसा तिचा आणि विद्या त्यांची, अशी वाटणी समाजाच्या मनात आधीपासूनच होती.

मग संगीताला 'प्रतिष्ठा' देण्याची चळवळ आली. बाईनं अदाकारी सोडून, बैठक मारून, पुरुष गवयांसारखं ख्याल गायन करायचं, हे हिराबाई बडोदेकरांनी १९२०च्या दशकात तिकीट लावलेल्या जलशांत करून दाखवलं. ते धाडसाचंच काम होतं. त्यानं पुढच्या पिढीतल्या मध्यमवर्गीय मुलींना रस्ता मिळाला. पण प्रतिष्ठेच्या या हिशोबात साथीदार वर चढला तेवढी बाई चढली नाही. तबलजीचा तबलावादक झाला, साजिंद्याचा उस्ताद झाला. गंधर्व नाटक मंडळीत साथ करणाऱ्या अहमदजान थिरकवाँना १९७० साली पद्मभूषण मिळालं, आणि ते रास्तच होतं. साथ करणाऱ्या हाताला आपण विद्वान मानायला शिकलो, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र तो हात पुरुषाचाच असणार, हे गृहीत धरूनच शिकलो.

आपली समीक्षेची भाषा हे गृहीतक रोज राबवते. केसरबाईंच्या आणि गंगूबाईंच्या गाण्याला 'मर्दानी' म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे. गंगूबाईंचा आवाज घशावरच्या उपचारांनंतर बदलला, खाली गेला. त्यांनी ठुमरीसारखे प्रकार सोडले आणि ख्यालच गायला. आवाजाची नवी जात ओळखून त्याला साजेशी गायकी उभी करणं ही बुद्धीची कामगिरी आहे. आपण त्याचं वर्णन 'पुरुषासारखं' या एका शब्दात उरकतो. दमसास, आवाजाचा भरीवपणा, लयीवरची पकड हे गुण पुरुषाकडून उसने आणलेले, आणि गोडवा, लडिवाळपणा तेवढे तिचे स्वतःचे, असा त्याचा अर्थ होतो. उलट बाजूनं बालगंधर्व पाहा. स्त्रीच्या भूमिकेत, स्त्रीच्या हावभावांत ते गायले, आणि त्यांचं स्त्रीपण ही कला ठरली, कमावलेली गोष्ट ठरली. पुरुषानं बाईपण कमावलं तर ते कौशल्य, बाईचं स्वतःचं बाईपण मात्र निसर्ग.

इथून तबल्याकडं यायला हवं, कारण ही वाटणी सर्वांत उघडी तिथंच पडते. गळा देवानं दिला असं म्हणता येतं. हात कुणी देवाघरून तयार घेऊन येत नाही. 'तिरकिट' साफ यायला वर्षं जातात, ते रियाजाखेरीज होत नाही हे साध्या श्रोत्यालाही कळतं. म्हणूनच बाईच्या हातात तबला आपल्याला खटकतो. मुंबईच्या आबान मिस्त्री (१९४०–२०१२) उत्तम तबला वाजवत आणि तबल्याच्या घराण्यांवर त्यांनी मोठं संशोधन केलं. अनुराधा पाल अल्लारखाँ आणि झाकिर हुसेन यांच्याकडे शिकल्या. तरीही स्त्री तबलावादक म्हटल्यावर निघणारी नावं बोटांवर मोजावी लागतात. आणि कौतुकही ठरलेलं: डोळे मिटले तर पुरुष वाजवतोय असं वाटतं! हे वाक्य बोलणाऱ्याला आपण मोठी दाद दिली असं मनापासून वाटत असतं.

ताकद लागते, साडीत नीट बसता येत नाही, रात्री-अपरात्री प्रवास असतो, अशी कारणं सांगतात. यातलं प्रवासाचं कारण खरं आहे, पण गाणाऱ्या बाईही तोच प्रवास करतात. खरी अडचण साथीच्या स्वरूपात आहे. कायदे, रेले, गती गुरूकडं शिकता येतात. साथ मात्र साथीला बसूनच शिकता येते. विलंबित एकतालाचा ठेका वीस-पंचवीस मिनिटं ढळू न देणं, गायक समेकडं कसा येणार याचा अंदाज घेणं, केव्हा भरायचं आणि केव्हा गप्प राहायचं हे ओळखणं, हे सगळं शेकडो बैठकांतून अंगात मुरतं. मुलाला त्या बैठका मिळतात. गुरू त्याला एखाद्या नवख्या गायकाबरोबर बसवतो, गायक दुसऱ्या गावी नेतो, तिथं तिसरा ऐकतो. मुलीला तबल्याच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळतो, आणि बोलावणं येतं ते आठ मार्चच्या कार्यक्रमाला, सगळ्या बायकांच्या ताफ्यात. पुढं कुणी तिचं नाव सुचवलं की उत्तर येतं, 'चांगली वाजवते, पण साथीचा अनुभव नाही.' अनुभव नाही म्हणून जागा नाही आणि जागा नाही म्हणून अनुभव नाही.

हे फक्त उत्तरेच्या संगीतापुरतं नाही. कर्नाटक संगीतात मृदंगाचे थोर वादक पालघाट मणि अय्यर यांनी कित्येक वर्षं गायिकांना साथ केली नाही. तो नेम त्यांनी मोडला तो डी. के. पट्टम्माळ यांच्यासाठी. त्याच पट्टम्माळनी लयीची कसोटी पाहणारं रागम्-तानम्-पल्लवी मैफलीत गाऊन, ते पुरुषांचंच क्षेत्र आहे हा समज मोडला होता. दक्षिणेत नकार निदान उघड होता, कुणाचा ते सांगता येत होतं. आपल्याकडं कुणी नकार देत नाही. फक्त नाव सुचत नाही.

'गाण्यात बायका कमी आहेत कुठं?' असा प्रश्न अशा वेळी येतोच. गाण्यात नाहीतच. पण मैफलीकडं चित्र म्हणून पाहा. मधोमध बाई गातात, मागं तंबोऱ्यावर शिष्या, डाव्या-उजव्या बाजूला तबला आणि पेटी, तिथं बहुधा पुरुष. गायक पुरुष असला तरी तबला-पेटीच्या जागा बदलत नाहीत. आणि साथीदार निवडण्याचा पहिला शब्द मुख्य कलाकाराचा असतो, म्हणून ही जबाबदारी मोठ्या गायिकांवरही येते. त्यांनी तरुण गायिकांना हात दिला, तबलजी मुलींना क्वचितच. त्यांनाही रंगलेली मैफल हवी असते आणि धोका पत्करायचा नसतो, हे समजू शकतं. पण पुरुष गायकही नेमकं हेच कारण देतात.

आम्ही मैफलींवर लिहिणारे यात बाहेरचे नाही. 'बाईंच्या सुरेल गळ्याला अमुक यांची समर्थ साथ' हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी वाचलेलं आहे. त्यात गळा तिचा आहे आणि सामर्थ्य त्याचं. त्याऐवजी तिनं बंदिशीचा मुखडा कुठल्या मात्रेवरून उचलला, लय कुठं वाढवली, कुठली तान आवर्तनात कशी बसवली, हे लिहिता येतं. तबल्यावर मुलगी असेल तर डोळे मिटायची गरज नाही. ठेका कसा होता ते लिहावं. ढळला असेल तर ढळला असं लिहावं, जसं मुलाबद्दल लिहू. पुढच्या बैठकीचं बोलावणं तिला आलं तर ते तेवढ्या एका ओळीवरूनही येऊ शकतं.