घंगाळावरचे चेहरे

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात पितळेचं एक घंगाळ आहे. तोंडाचा व्यास साधारण ५० सेंटिमीटर. १६०६ साली फ्रान्सच्या तेराव्या लुईचा बाप्तिस्मा त्यात झाला. नाव मात्र संत लुईचं पडलं आहे, आणि ते चुकीचं आहे. संत लुई १२७० मध्येच वारला. भांडं घडलं चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात, इजिप्त-सीरियावरच्या ममलूक अमलात.

हे ममलूक मुळात विकत घेतलेले गुलाम. काळ्या समुद्रापलीकडच्या माळरानांतून आणलेली तुर्की मुलं छावणीत घोडा, भाला, धनुष्य शिकायची, पुढे मुक्त होऊन अमीर व्हायची. १२५० मध्ये त्यांनी धन्याचं तख्तच घेतलं आणि १५१७ पर्यंत राखलं. घराणं सांगायला नाही. दरबारात कुणाकडे कोणतं काम, यावर मान ठरे. कुणी तलवार सांभाळी, कुणी चषक, कुणी दौत. तीच वस्तू पुढे त्या अमिराचं मानचिन्ह होई.

हे डोक्यात ठेवून घंगाळाची बाहेरची बाजू पाहावी. चार वर्तुळांत चार घोडेस्वार, आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यांत उभी माणसं. कुणाच्या हाती धनुष्य, कुणाच्या परशू. कुणी ससाणा घेऊन आलाय, कुणी शिकारी कुत्रा. पट्टीची सगळी उंची प्रत्येकाने व्यापली आहे, कुत्रेवाला अमिरापेक्षा बुटका नाही. आणि चेहरे! पितळेत कोरलेल्या खाचेत चांदीचा पातळ पत्रा ठोकून बसवायचा आणि मग त्यावर बारीक टोकाने भुवई, मिशी, अंगरख्याची चुणी काढायची, अशी ही कला. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत दाढीवाला प्रौढ वेगळा आणि कोवळा सेवक वेगळा ओळखू येतो. ही मला या भांड्यातली सर्वांत थोर गोष्ट वाटते. चाकरीतून वर आलेल्यांच्या राज्यात कारागिराने चाकरीलाच प्रतिष्ठा दिली आहे.

आत शिकार आहे, लढाई आहे, सिंहासनावर बसलेले राजे आहेत. तळाशी मासे गोल फिरताना दिसतात. पाणी भरल्यावर ते पाण्याखाली जात असणार. एवढा विचार कारागिराने केला होता.

त्या काळची दरबारी भांडी सुलतानांच्या लांबलचक बिरुदांनी भरलेली असतात. या घंगाळावर एकाही सुलतानाचं नाव नाही. नाव आहे ते घडवणाऱ्याचं, मुहम्मद इब्न अल्-झैन, आणि तेही सहा ठिकाणी. एक सही काठाखाली ठळक. बाकीच्या सह्या सिंहासनासारख्या जागी चित्रातच मुरवलेल्या. त्याच्याबद्दल इतिहासाने दुसरं फारसं काही ठेवलेलं नाही.

ममलूक काळातलं धातूवरचं याच्या तोडीचं काम माझ्या पाहण्यात नाही. पॅरिसला जाल तेव्हा मोनालिसापुढच्या गर्दीतून थोडा वेळ काढा, इस्लामी कलेच्या दालनात जा आणि या घंगाळाला चारी बाजूंनी एक पुरता फेरा घाला.